पार्ल्याची शाळा, जोगेश्वरीची टेकडी आणि आपले पेण

स्मरणिकेसाठी 'शिक्षणावर काहीतरी लिहा' असा निरोप संस्थेच्या चिटणीसांकडून आला, तेव्हा प्रथम वाटले की रिवाजाप्रमाणे 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार पाने लिहून द्यावीत. परंतु ते महत्त्व आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. पेणच्या बाजारात हातगाडी लावणारा बापसुद्धा मुलाच्या क्लासची फी आधी बाजूला काढतो आणि मग घरभाड्याचा विचार करतो. मुलाला शाळेत घालावे की नाही हा प्रश्न संपला. शाळेत त्याला काय काय मिळावे, हा प्रश्न मात्र तसाच आहे. म्हणून या वेळी मुंबईच्या एका उपनगरातील शाळेचा इतिहास सांगावयाचे ठरविले आहे. ती शाळा आपल्या जिल्ह्यातील नाही, आपल्या समाजाची नाही. तरीही ती हकीकत आज पेणकरांनी ऐकण्यासारखी आहे. का, ते पुढे येईलच.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जोगेश्वरीला मामूंकडे जात असू. मामूंच्या घराजवळून एक झाडीने भरलेली टेकडी दिसे. "ते बघ कॉलेज," मामू म्हणत. "एका जहाजवाल्याच्या पैशातून उभे राहिले." जहाजवाला म्हटल्यावर आम्हांला आमचे खलाशी चाचा आठवत, आणि बोटीवर काम करणाऱ्या माणसाकडे कॉलेज बांधण्याइतके पैसे कोठून आले, याचा उलगडा होत नसे. तो उलगडा पुढे वाचनातून झाला. त्याच वाचनात पार्ल्याची शाळाही भेटली, आणि दोघींमध्ये अवघ्या दोन स्टेशनांचे अंतर आहे हे लक्षात आले.

उपनगर म्हणजे काय, हे आधी थोडे पाहू. मुंबई शहर माहीमच्या खाडीपाशी संपत असे. पलीकडे साष्टी बेट. तेथे भातशेती, ताडामाडांच्या वाड्या, कोळीवाडे आणि गावठाणे. १८६७ साली विरारहून मुंबईकडे रोज एक गाडी सुरू झाली, पण तेवढ्याने कोणी शहर सोडून तिकडे राहावयास गेले नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेगने तोंड काढले आणि मुंबईची दाट वस्ती हादरली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या बसू लागल्या, आणि हवेशीर घर हवे असलेला कारकून, मास्तर, वकील उत्तरेकडे सरकू लागला. १ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हाच सरकारने केला. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली, आणि मग ओघ थांबला नाही.

हा जिल्हा जन्माला येऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. देशभर स्मारकांच्या गोष्टी चालू होत्या. विलेपार्ले येथील रहिवाशांनी स्मारक म्हणून शाळा काढावयाचे ठरविले आणि ९ जून १९२१ रोजी पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थी किती? चार. आज तीच संस्था अनेक शाळा आणि महाविद्यालये चालविते. १९५९ साली तिने पार्ले कॉलेज काढले, पुढील वर्षी वाणिज्य महाविद्यालय काढले, आणि २०२१ साली मूळ शाळेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

चार मुलांवर शाळा काढणाऱ्या त्या माणसांविषयी मला फार कुतूहल वाटते. त्यांच्यापाशी सरकारी योजना नव्हती. गाव तर धड शहरही नव्हते. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली होती: वस्ती येणार आहे, आणि वस्ती आल्यावर शाळेचा विचार करू म्हटले तर उशीर होईल. दोनच वर्षांनी, मार्च १९२३ मध्ये, त्याच पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. दिवसभर मुंबईत नोकरी करून संध्याकाळच्या गाडीने परतणारी माणसे तेथे जमू लागली. व्याख्याने, वाचनालय, गाणे, नाटक सुरू झाले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली पार्ल्यातच पडली, हा योगायोग मानता येणार नाही. तोपर्यंत गावाला एकत्र येण्याची सवय लागलेली होती.

उपनगरातल्या शाळेत मुलांना शहरातल्या शाळेपेक्षा निराळे काही मिळाले असेल तर ते या सवयीतून मिळाले, असे माझे मत झाले आहे. शहरात नाटक पाहावयाचे तर थिएटर होते, व्याख्यान ऐकावयाचे तर टाउन हॉल होता. उपनगरात यांतले काहीच नव्हते. शाळेचा हॉल हाच गावाचा हॉल आणि शाळेचे मैदान हेच गावाचे मैदान. दुपारी जेथे भूमितीचा तास होई तेथेच रात्री तालीम होई, आणि दुपारच्या बाकावरचा मुलगा रात्री खिडकीतून ती तालीम पाही. वक्तृत्व स्पर्धा, हस्तलिखित, स्नेहसंमेलन, लेझीम, खो-खो, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा, पुढे एन.सी.सी. आणि स्काऊट, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास, विज्ञान प्रदर्शन, असे जे जे उपक्रम आपण आज 'सहशालेय' या रुक्ष नावाखाली नोंदवहीत भरतो, ते अशा शाळांत अंगणातल्या झाडासारखे वाढले. दादर हेही एकेकाळचे उपनगरच. तेथील छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून 'आविष्कार' या संस्थेने नाटके केली, आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका चळवळीला चक्क शाळेचे नाव मिळाले. त्याच दादरच्या शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची भागी केली. क्रिकेटवेड्या पालकांना ही भागी पाठ असते. पण शालेय क्रिकेटची ती ढाल १८९० च्या दशकापासून चालत आली आहे आणि रोज पहाटे मैदानावर उभे राहणारे रमाकांत आचरेकरांसारखे गुरू होते, हे ध्यानात कोण घेतो?

पार्ले टिळक विद्यालयाचा सर्वांना ठाऊक असलेला विद्यार्थी म्हणजे पु. ल. देशपांडे. जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मुंबईच्या गावदेवीचा. बालपण जोगेश्वरीला आणि मग पार्ल्यात. लेखन, अभिनय, पेटीवादन, संगीत दिग्दर्शन, वक्तृत्व या सर्व वाटांनी हा माणूस सहज चालला. प्रतिभा शाळेने दिली असे कोणी म्हणणार नाही. पण पेटी वाजविणाऱ्या मुलाला 'आधी गणित कर' एवढेच सांगणारे गाव आणि त्याला स्टेजवर बसविणारे गाव यांत फरक असतो.

मॅट्रिकनंतर पु. ल. कोठे गेले? जोगेश्वरीच्या टेकडीवर, इस्माईल युसुफ कॉलेजात. हेच मामूंचे 'जहाजवाल्याचे कॉलेज'. जहाजमालक सर महंमद युसुफ यांनी १९१४ साली आपल्या वडिलांच्या नावाने महाविद्यालय व्हावे म्हणून आठ लाख रुपयांची देणगी सरकारकडे दिली. मुसलमान तरुण उच्च शिक्षणात मागे आहेत, त्यांना ते मिळावे, अरबी-फारसीचीही सोय असावी, हा हेतू होता. प्रत्यक्ष कॉलेज उघडले १९३० साली, म्हणजे देणगीनंतर सोळा वर्षांनी! संस्थेच्या कामात फाईल अडकली म्हणून निराश होणाऱ्या आपल्या सभासदांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कॉलेज उघडले ते सर्वांसाठी उघडले, म्हणूनच मराठीचा एवढा मोठा लेखक त्या टेकडीवरून गेला.

या सर महंमद युसुफांचे आपल्या जिल्ह्याशीही नाते आहे. न्हावा येथे १९१० साली त्यांनी खलाशी तयार करण्याची शाळा काढली. 'रहमान' या नावाने ती प्रशिक्षण संस्था सर्वत्र ओळखली जाते. कोकणातील मुसलमान पिढ्यान्पिढ्या बोटीवर जात आला, पण तो चुलत्याचे बोट धरून जाई, भंडारी किंवा खलाशी म्हणून लागे आणि बहुधा तेथेच राही. ते काम शिकवून करावयाचे आहे, त्यालाही शाळा लागते, हे ज्याला १९१० साली सुचले तो माणूस चारच वर्षांनी महाविद्यालयासाठी पैसे देतो. एका हाताला हुन्नर आणि दुसऱ्या हाताला ग्रंथ. त्याला या दोहोंत विरोध दिसला नाही. आपल्या शिक्षणपद्धतीला मात्र तो सतत दिसत आला.

येथे थोडे शालेय इतिहासात शिरावे लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. मॅट्रिक ही खरे पाहता कॉलेजात शिरण्याची चाचणी. पण सरकारी नोकरीतही तीच विचारली जाऊ लागली, आणि साऱ्या हायस्कुलांचे तोंड त्या एका दाराकडे वळले. १८८२ च्या हंटर कमिशनला हे खटकले. त्याने सुचविले की हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे. दुसऱ्या वाटेला फारसे कोणी फिरकले नाही. १९४९ साली मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, ही शाळा संपविल्याची परीक्षा. तरीही लोक तिला 'मॅट्रिक'च म्हणत राहिले, आणि त्यात लोकांचे काही चुकले असे वाटत नाही.

मग १९५२-५३ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचा आयोग आला. त्याने बहुउद्देशीय हायस्कुलांची कल्पना मांडली: मानव्य विषय, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान, असे सात गट एकाच शाळेत असावेत आणि मुलाने आपल्या कलाप्रमाणे निवड करावी. कल्पना उत्तम होती. अमेरिकेत अशा शाळा पूर्वीपासून होत्या आणि त्यांतल्या नावाजलेल्या बऱ्याच मोठ्या शहरांच्या उपनगरांत होत्या. शिकागोजवळच्या विनेटका येथील न्यू ट्रायर हायस्कूल १९०१ सालचे. अशा शाळेत डॉक्टर होणारा आणि मोटार दुरुस्त करणारा एकाच छपराखाली शिकतो. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ साली तेथील हायस्कुलांची पाहणी करून अहवाल लिहिला. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की ज्या शाळेच्या शेवटच्या वर्गातून वर्षाला शंभर मुलेही बाहेर पडत नाहीत, त्या शाळेला विविध विषय परवडत नाहीत. अशा लहान शाळा एकत्र कराव्यात.

आपल्याकडे बहुउद्देशीय शाळांना अनुदान आले, काही ठिकाणी सुतारकामाची बाके आणि लेथ यंत्रे आली. शिकवणारी माणसे मात्र पुरेशी आली नाहीत. हुशार मूल विज्ञानाला आणि 'उरलेले' मूल तांत्रिकला, अशी वाटणी पालकांनी आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हां शिक्षकांनीच केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत वेगळ्या वाटा नकोत, सर्वांना समान अभ्यास आणि त्यात कार्यानुभव असावा, असे म्हटले. महाराष्ट्रात १९७२ पासून नवा आकृतिबंध येऊ लागला आणि १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. कार्यानुभव वेळापत्रकात एक तास म्हणून आला. तो तास पुढे बहुतेक शाळांत कशासाठी वापरला गेला हे शिक्षक वाचकांना सांगावयास नको.

सरकारी योजनेतून जे रुजले नाही ते पार्ल्यासारख्या ठिकाणी योजनेशिवाय का रुजले? एक कारण म्हणजे संख्या. वस्ती वाढत गेली, एकेका इयत्तेच्या अनेक तुकड्या झाल्या, म्हणून संगीताला, चित्रकलेला, खेळाला स्वतंत्र शिक्षक ठेवता आला. दुसरे कारण म्हणजे पाठीशी उभे असलेले गाव. मात्र या शाळांचे नुसते गोडवे गाणेही बरोबर होणार नाही. त्यांच्या वाट्याला दाटीवाटीचे वर्ग आले, दोन-दोन सत्रे आली. मुलगा कोणत्या वस्तीत राहतो यावर त्याला कोणती शाळा मिळेल हे ठरत गेले. रेल्वेच्या रुळालगतच्या झोपड्यांतील मुलांना त्या हॉलमधली तालीम कितपत पाहावयास मिळाली असेल, याची मला शंका आहे. आणि पुढे त्याच मध्यमवर्गाने आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी जुन्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होऊ लागले.

आता पेणकडे येऊ. आपल्या भागात मोठी माणसे झाली नाहीत असे नाही, पण शिकावयासाठी त्यांना येथून जावे लागले. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोद्याचा. शालेय शिक्षण बडोद्याला. चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली ती मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. त्या काळी धरमतरच्या खाडीतून मुंबई गाठावी लागे. नंतर पेणमध्ये आणि रोह्यात हायस्कुले झाली, शिक्षणासाठी घर सोडण्याची सक्ती उरली नाही. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी पूल खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे नगर वसविण्यासाठी सरकारने एम.एम.आर.डी.ए.ला नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे १९२० साली साष्टी जेथे उभी होती, तेथे आज आपण उभे आहोत. जमिनीचे दलाल गावोगाव फिरत आहेत. कोणाच्या शेतातून कोणता रस्ता जाणार याची चर्चा चहाच्या टपरीवर चालते. शाळेचे मैदान कोठे असणार याची चर्चा मी अजून ऐकलेली नाही.

हे लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे, ते माझ्या स्वतःच्या नोकरीतले. मी ज्या शाळेत प्रथम लागलो तेथे आठवीत एक मुलगा होता. घर गणपतीच्या कारखान्याशेजारी. शाळा सुटली की तो कारखान्यात जाई. आधी शाडू मळणे, मग साच्यातून निघालेल्या मूर्तीची सफाई, मग रंग. पुढे पुढे मोठे कारागीर त्याला डोळ्यांच्या आखणीला बसवू लागले. हे काम सहसा कोणाच्याही हाती देत नाहीत. या मुलाला चित्रकलेच्या परीक्षेला बसावयाचे होते. शाळेत चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले होते, जागा भरलेली नव्हती, आणि बसू इच्छिणारी मुले होती पाच. "पाच जणांसाठी कोण केंद्रापर्यंत घेऊन जाणार?" असे म्हटले गेले. मीही त्या खोलीत होतो. मी काही बोललो नाही. दहावीला तो गणितात राहिला.

कोनंट साहेबांचा शंभरचा हिशेब येथे आठवतो. पेणच्या एकेका शाळेत पाच मुले निघतात हे खरे. पण मराठी, उर्दू, इंग्रजी अशा सर्व माध्यमांच्या शाळा धरल्या तर गावात चाळीस निघतील. बोटीवर जाऊ इच्छिणारी, ज्यांना दहावीच्या इंग्रजी, गणित आणि विज्ञानाची विशेष तयारी हवी, अशी मुले पेण, रोहा, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात मोजली तर कितीतरी. एका संस्थेने सर्व करावे असे नाही. शनिवारी दुपारी एका शाळेने चित्रकलेचा वर्ग चालवावा, दुसरीने प्रयोगशाळा उघडी ठेवावी, तिसरीने मैदान द्यावे, आणि मुलगा कोणत्या माध्यमाचा हे दारात विचारू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकवावे असे म्हटले आहे. धोरणाच्या कागदात सुतार, माळी, कुंभार अशी उदाहरणे आहेत. पेणला तर त्यासाठी शोधही करावा लागणार नाही. गल्लीगल्लीत कारखाने आहेत.

आपल्या संस्थेच्या गेल्या सभेत नव्या इमारतीचा नकाशा मांडण्यात आला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने वर्गखोल्या वाढविण्यासाठी मागची मोकळी जागा घ्यावी असे सुचविले. सूचना प्रामाणिक होती. प्रवेश नाकारावे लागतात तेव्हा सर्वांनाच वाईट वाटते. पण ती जागा एकदा गेली की पुन्हा विकत मिळणार नाही, आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत तर अजिबात नाही. खोल्या वर चढविता येतात. मैदान वर चढविता येत नाही. नकाशावर अजून निर्णय झालेला नाही, म्हणून सभासदांसमोर हे मुद्दाम मांडून ठेवतो.

राहिला तो मुलगा. गेल्या श्रावणात कारखान्यावरून जाताना त्याने हाक मारली. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात आखणीच करतो, हंगामात रात्रंदिवस काम असते. मी त्याला विचारले, गणपती झाल्यावर शनिवारी शाळेत येऊन मुलांना मातीकाम दाखवशील का? त्याने हातातली कुंचली पाण्यात बुडविली, मूर्तीकडे एकदा पाहिले आणि विचारले, "सर, कितवीच्या वर्गाला?" मी म्हटले, आठवीच्या. "माती मीच आणीन," तो म्हणाला. "शाळेत मिळते ती बरोबर नसते."